मला योनाचं पटतं

उपवासकाळात आम्हा इंदूरच्या चार-पाच मराठी ख्रिस्ती कुटुंबांची गुरुवारची प्रार्थना घरोघरी फिरती असते. चर्चमधली उपासना हिंदीत, मुलांचं शाळेपासून मोबाईलपर्यंत सगळं हिंदी-इंग्रजीत, त्यामुळे आठवड्यातला हा एकच तास असा की ज्यात मराठी पवित्र शास्त्र उघडतं, रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं पेटीवर होतात आणि आजोबांबरोबर नगरहून आलेली भाषा कानावर पडते. त्या गुरुवारी सुदामा नगरला जमलो होतो. वाचन योनाचं, चौथा अध्याय. देवाने योनाला निनवे शहराला नाशाचा इशारा द्यायला पाठवलेलं, आधी तो समुद्रमार्गे पळाला, माशाच्या पोटातून परत आला, मग गेला, लोकांनी पश्चात्ताप केला आणि देवाने शहर सोडून दिलं, त्यानंतरचा हा अध्याय. ज्या काकांकडे वचनावर बोलायचं काम होतं त्यांनी छान समजावून सांगितलं, की बघा, देव एवढ्या मोठ्या शहरावर दया करतोय आणि हा संदेष्टा बाहेर जाऊन रुसून बसलाय, आपलं मन असं कोतं होऊ नये. सगळ्यांनी माना हलवल्या. आणि मग दाराजवळच्या खुर्चीवरून मावशी म्हणाली, "मला तर योनाचं पटतं. त्या लोकांनी काय केलं होतं ते त्याला माहीत होतं ना. आपल्याला माहीत नाही, म्हणून आपल्याला दया सोपी वाटते."

कोणीच काही बोललं नाही. काकांनी थोडं थांबून शेवटची प्रार्थना घेतली, मग पोहे आले, वर सेव, जिरावण, लिंबाची फोड, आणि बोलणं मुलांच्या परीक्षांवर गेलं. मावशीने अर्धी प्लेट खाल्ली, चप्पल घातली आणि ई-रिक्षा पकडून निघून गेली. मी मात्र ते वाक्य घेऊन घरी आले आणि ते काही केल्या जाईना.

मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे, आईची मैत्रीण, पण आम्ही लहानपणापासून मावशीच म्हणतो. तिचा नवरा रेल्वेत होता, तो अचानक गेला तेव्हा दोन्ही मुली शाळेतही जात नव्हत्या. छावनीच्या बाजूला सासऱ्यांनी बांधलेलं घर होतं, खाली दोन खोल्या वर दोन. दहाव्याच्या आसपास धाकटा दीर स्टॅम्पपेपर घेऊन आला, वहिनी सही कर, वारसाचं काम आहे, नाहीतर पेन्शन अडकेल. तिने केली. पुढे घर विकलं गेलं आणि तिला कळलं ते सामान बाहेर काढायची वेळ आली तेव्हा. मग एक भाड्याची खोली, हॉस्पिटलात रात्रपाळीची आयागिरी, मुली शेजारणीकडे झोपवलेल्या. हे सगळं आमच्या मंडळीत सगळ्यांना माहीत आहे, कोणी उघड बोलत नाही एवढंच. दीर पुढे चर्चच्या मंडळीचा पंच झाला. कित्येक वर्षं रविवारी दानाची थाळी फिरवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि ती थाळी रांगेरांगेने येत मावशीच्या हातातही यायची. मी लहान होते तेव्हा मला फक्त एवढं दिसायचं की मावशी थाळीत पैसे टाकताना वर बघत नाही.

आता त्या दिराचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. त्याने मुलाकरवी निरोप पाठवला होता, की वहिनीने येऊन एकदा प्रार्थना करावी. आणि तेव्हापासून मावशीला जो भेटेल तो एकच सांगतोय, मावशी, माफ करून टाका, मन हलकं होईल, आपला देव क्षमेचा देव आहे.

तर हे सगळं त्या "पटतं"च्या मागे होतं.

घरी येऊन मी योना परत वाचला. आपण संडेस्कूलमध्ये मासा शिकलो, चित्रकलेच्या वहीत मोठा निळा मासा आणि त्याच्या पोटात हात जोडलेला माणूस, आणि आपली गोष्ट तिथेच संपली. मासा दुसऱ्या अध्यायातच किनाऱ्याला लागतो, खरी गोष्ट त्यानंतरची आहे. योना तार्शीशला का पळाला ते शेवटच्या अध्यायात तो स्वतः सांगतो, आणि कारण भीती नाहीये. तो म्हणतो, मला माहीतच होतं तू कृपाळू आहेस, रागाला मंद आहेस, तू यांना सोडून देशील, म्हणूनच मी पळालो. म्हणजे देवाच्या रागाला घाबरून पळालेला हा माणूस नव्हे, देवाच्या दयेला घाबरून पळालेला आहे. मला वाटतं अख्ख्या शास्त्रात असा दुसरा कोणी नसावा.

आणि निनवे म्हणजे काय होतं? अश्शूर साम्राज्याचं शहर, पुढे तर राजधानी. योना इस्राएलच्या ज्या यराबाम राजाच्या काळातला, तेव्हा इस्राएलची राजधानी शोमरोन अजून उभी होती, पण जिवंत माणसांची कातडी सोलून ती भिंतीवर टांगली असं दगडावर अभिमानाने कोरून ठेवणारे अश्शूरी राजे त्याच्या शंभर वर्षं आधीच होऊन गेले होते. पुढे इ.स.पू. 722 च्या सुमाराला शोमरोन पडलं, इस्राएलच्या दहा वंशांची वाताहत झाली, इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरी राजा सन्हेरीबाने यहूदाचं लाखीश शहर घेतलं. त्या लाखीशच्या वेढ्याची चित्रं त्याने निनवेतल्या आपल्या महालात दालनभर कोरून घेतली होती, ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, नेटवर कोणालाही बघता येतात. मी बघितली. सुळावर चढवलेली माणसं आहेत, जमिनीला खिळवून सोलत असलेली माणसं आहेत, पण माझं लक्ष गेलं ते बैलगाड्यांकडे. गाडीवर बोचकी, बोचक्यांवर बायका आणि लहान मुलं, घर सोडून चाललेली. राजाने हे आपल्या दिवाणखान्यात लावलं होतं. ज्या लोकांनी योनाची गोष्ट ऐकली, जपली, मुलांना सांगितली, त्यांच्यातल्या कितीतरी घरांतून अशी एकेक गाडी गेलेली असणार. त्यांना "निनवेवर दया झाली" हे ऐकताना काय झालं असेल, हा प्रश्न आम्ही त्या गुरुवारी विचारलाच नव्हता. मावशीने विचारला.

मला आठवतंय, लहानपणी बाबा राजवाड्यावर घेऊन जायचे तेव्हा आडा बाजारातून जाताना ती गाईची गोष्ट सांगायचे. इंदूरच्या कोणालाही सांगायची गरज नाही, पण तरी. मालेरावांच्या रथाखाली वासरू आलं, गाय तिथेच रस्त्यात बसून राहिली, अहिल्याबाईंनी विचारलं तेव्हा खुद्द पोराचंच नाव समोर आलं, आणि मातोश्रींनी निवाडा दिला की त्याचे हातपाय बांधून त्याच रस्त्यावर टाका आणि त्याच्यावरून रथ न्या. सारथी कोणी तयार होईना म्हणून त्या स्वतः रथावर चढल्या. आणि तीच गाय आडवी आली. हटवली, परत आली. परत हटवली, परत आली. तेव्हा लोक म्हणाले, मातोश्री, हिला दुसऱ्या आईचं पोर जायला नकोय. इतिहास वेगळं सांगतो, मालेराव 1767 मध्ये आजारपणात गेले, पण गोष्ट गल्लीला चिकटून राहिलीये. लहानपणी मला त्यात अहिल्याबाई मोठ्या वाटायच्या. आता वाटतं की दोघी हव्यात, आणि ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने हव्यात. निवाडा झाला नसता, मातोश्री म्हणाल्या असत्या की जाऊ दे, एक वासरूच तर होतं, तर गाईला आडवं यायला काही उरलंच नसतं. आणि आडवी आली ती गाय. दरबारातला कोणी दिवाण आडवा आला असता तर ती शिफारस झाली असती. ज्याचं गेलं त्याने थांबवलं, म्हणून ती दया.

आता हे मी एका लोककथेवरून सांगतेय, पण शास्त्रातही मला हेच दिसायला लागलं आणि मग त्या आठवड्यात मी झोपच घालवली. निर्गमाच्या 34 व्या अध्यायात, सोन्याच्या वासराचं पाप होऊन गेल्यावर, मोशे दुसऱ्यांदा आज्ञांच्या दगडी पाट्या घेऊन सीनाय डोंगरावर चढतो आणि परमेश्वर त्याच्यासमोरून जाताना स्वतःची ओळख सांगतो. ती ओळख एका दमात आहे: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, हजारोंवर दया करणारा, अपराधांची क्षमा करणारा, आणि तरी दोषीला निर्दोष न ठरवणारा. पुढे योना जेव्हा देवावर चिडतो तेव्हा तो याच ओळखीतला पहिला अर्धा भाग देवाच्या तोंडावर फेकतो, तू कृपाळू, तू मंदक्रोध. दुसरा अर्धा बोलतच नाही. आणि शास्त्रात योनाच्या नंतर एक पुस्तक सोडून नहूम येतो, तोही निनवेबद्दलच, पण उलटा, त्यात निनवेचा नाश आहे, चाबकांचे आवाज आहेत, चाकांचा खडखडाट आहे, आणि हा नहूम सुरुवातीलाच म्हणतो की परमेश्वर मंदक्रोध आहे खरा, पण तो दोषीला सोडणार नाही. हा दुसरा अर्धा. एकच शहर, एकच देव, एकच वचन, दोन माणसांनी दोन टोकं धरलेली. निनवे इ.स.पू. 612 मध्ये खरंच पडलं. आणि या दोघांच्या मधे कोण बसलाय, तर मीखा, ज्याच्या सहाव्या अध्यायातलं ते वचन आमच्या निम्म्या घरांत भिंतीवर फ्रेम करून लावलेलं आहे: न्यायाने वाग, दयेची आवड धर, आपल्या देवाबरोबर नम्रपणे चाल. पुस्तकांचा हा क्रम कोणी मुद्दाम लावला का, या वादात मला पडायचं नाहीये. मला फक्त हे दिसलं की ज्यांनी लावला त्यांनी नहूम काढून टाकला नाही.

आम्ही मात्र काढलाय. इतकी वर्षं मंडळीत आहे, नहूमावर प्रवचन ऐकल्याचं मला आठवत नाही.

आपल्याकडे एक समज असतो, की जुन्या करारातला देव कडक आणि नव्या करारातला प्रेमळ. हा समज फार जुना आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाचा एक पैसेवाला जहाजमालक हेच शिकवायचा, की न्याय करणारा देव वेगळा, येशूचा बाप वेगळा. रोमच्या मंडळीने 144 साली त्याला बाहेर काढलं, आणि त्याने दिलेलं मोठं दानही त्याला परत केलं. मला ही गोष्ट आवडते ती त्या परत केलेल्या पैशांसाठी, कारण नव्या मंडळीला पैशाची गरज किती असते ते आपल्याला माहीत आहे. त्यांनी एवढं का ताणलं? कारण न्याय न करणारा देव हा पीडलेल्या माणसाच्या काहीच कामाचा नाही, आणि ती सगळी मंडळीच तेव्हा पीडलेली होती. आपण सुखात बसून न्यायाचा दिवस म्हटलं की घाबरतो. 96 वं स्तोत्र वाचून बघा, तिथे रानातली झाडं आनंदाने गातायत, शेतं उड्या मारतायत, आणि कशासाठी, तर परमेश्वर न्याय करायला येतोय म्हणून. येशूने प्रार्थना कशी करावी हे शिकवताना जी बाई उभी केली ती काय मागते? शांती मागत नाही, आशीर्वाद मागत नाही. ती विधवा रोज त्या न्यायाधीशाच्या दारात जाऊन म्हणते, माझा न्याय कर. आणि येशू म्हणतो, अशी प्रार्थना करा.

इंदूरला हे वेगळं समजवायला नको. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या देण्याचे 224 कोटी डिसेंबर 2023 मध्ये मार्गी लागले, 4,800 च्या आसपास कामगारांचे. तीस वर्षं. त्यातले किती जण वाट बघत गेले, त्यांच्या बायका, मुलं, नातवंडं हेलपाटे घालत राहिली. त्या दिवशी टीव्हीवर म्हातारी माणसं रडत होती, आणि मला नाही वाटत ती फक्त पैशासाठी रडत होती. कोणीतरी शेवटी म्हटलं होतं की हो, हे तुमचं होतं.

आता दुसरी बाजू, कारण ती मला टाळता येत नाही आणि टाळायचीही नाही. आमच्या इंदूरपासून जवळच, देवास जिल्ह्यात उदयनगर आहे. तिथे सिस्टर राणी मरिया काम करायच्या, केरळच्या पुल्लुवळीच्या, आदिवासी शेतमजुरांना सावकारांच्या कचाट्यातून सोडवायचं काम. 25 फेब्रुवारी 1995 ला त्या उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये बसल्या आणि वाटेत भर बसमध्ये समंदर सिंह नावाच्या तरुणाने त्यांना चाकूने मारलं. 54 वार. त्याला कोणीतरी पुढे केलं होतं, काम मात्र त्याच्या हाताने झालं. जन्मठेप झाली. आणि 2002 मध्ये राखीच्या वेळी सिस्टरची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, जेलमध्ये गेली आणि तिने त्याला राखी बांधली. 2006 मध्ये तो सुटला, सुटकेला तिच्या घरच्यांचा पाठिंबा होता. मग तो केरळला त्यांच्या घरी गेला तेव्हा आईने त्याच्या हातांचं चुंबन घेतलं, की या हातांना माझ्या मुलीचं रक्त लागलंय. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्येच राणी मरियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा मोठा सोहळा झाला, आणि समंदर सिंह तिथे हजर होता. आम्ही प्रोटेस्टंट घरातले, संत-धन्य या गोष्टी आमच्यात नाहीत, पण त्या दिवशी माझी आई देवघरासारखी चप्पल बाहेर काढून टीव्हीसमोर बसली होती.

ही गोष्ट मी मावशीला सांगितली नाही. काकांनी सांगितली. त्या गुरुवारनंतर ते तिच्याकडे गेले आणि म्हणाले, बघा, त्या बाईंनी खुन्याला राखी बांधली, तुमचं तर घरच गेलंय. काका वाईट माणूस नाहीत, त्यांना खरंच तिचं ओझं कमी करायचं होतं. पण मला ते ऐकून राग आला, आणि राग का आला ते नीट कळायला वेळ लागला. एक तर सेल्मीची राखी जेलच्या आत बांधली गेली. कोर्ट बसलं होतं, साक्षी झाल्या होत्या, कोण मेलं आणि कोणी मारलं हे देशाच्या कागदावर लिहिलं गेलं होतं, आणि त्याने स्वतः जेलमध्ये रडून काढलं होतं. आईनेही चुंबन घेताना रक्ताचं नाव घेतलं, रक्त पुसून नाही घेतलं. आणि दुसरं, ती राखी सेल्मीने बांधली. तिच्या वतीने दुसऱ्या कोणाला ती बांधता आली नसती. कॉन्व्हेंटमधल्या कोणी जाऊन तिला म्हटलं असतं की सिस्टर, आता बांधून टाका बरं, तर ती राखी राहिली असती का?

काकांनी तो क्षमा न करणारा चाकरही सांगितला, मत्तयाचा 18 वा अध्याय, ज्याला राजाने डोंगराएवढं कर्ज सोडलं आणि त्याने दुसऱ्याचा थोड्या पैशासाठी गळा धरला. दाखला खरा आहे, मला त्याची भीती वाटते. पण त्या दाखल्यातला दुसरा चाकर पाया पडून म्हणतो, मला सांभाळून घे, मी फेडीन. त्याने कर्ज नाकारलेलं नाही. लूकच्या 17 व्या अध्यायात तर येशू साफ सांगतो, भावाने अपराध केला तर त्याला दटाव, त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर, दिवसातून सातदा आला तरी कर. यातलं सातदा आपल्याला पाठ आहे. दटाव आपण गाळतो, कारण पंचाला दटावायचं कोणी. आणि यरीहोचा जकातदार जक्कय आठवा. येशू आधी त्याच्या घरी गेला, काही अट घातली नाही, ही झाली दया. पण जेवणाच्या वेळी जक्कय उभा राहून म्हणाला की ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो, आणि मग येशू म्हणाला की आज या घराला तारण मिळालं. मी विचार करते, त्या रात्री यरीहोमध्ये कोणाकोणाच्या दारावर थाप पडली असेल, कोणीतरी विधवा दिवा घेऊन दार उघडतेय आणि समोर तो जकातदार पिशवी घेऊन उभा आहे. लूक ते लिहीत नाही. मला ते वाचायला फार आवडलं असतं.

मावशीची अटही एवढीच आहे. ती म्हणाली, "जाईन मी. हात धरून प्रार्थना करीन. घर नको मला आता, मुली आपापल्या घरी सुखी आहेत. पण त्याने त्याच्या बायको-पोरांसमोर एकदा म्हणावं की ते घर वहिनीचं होतं आणि मी फसवून सही घेतली. पोरं मला लालची समजतात. मी मेल्यावरही समजतील." यात मला सूड दिसत नाही. ज्यांना दिसतो त्यांच्याशी मी वाद घालायला तयार आहे.

दाविद राजाचं मला नेहमी खटकायचं. आपल्याच शिपायाला, उरीयाला, मारवलं, त्याची बायको बथशेबा घेतली, मग नाथान संदेष्ट्याने बोट दाखवलं, दाविद रडला, 51 वं स्तोत्र आपण आजही उपवासकाळात म्हणतो, आणि त्यात तो म्हणतो, हे देवा, तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं. आणि उरीया? तो बिचारा शिपाई, जो सोबती मैदानात झोपतायत म्हणून सुट्टीतही घरी गेला नाही, त्याचं काय? त्याला तर काही मिळालं नाही, ना न्याय ना माफी मागणारा कोणी. पण मत्तयाचा पहिला अध्याय, जी वंशावळ आपण नाताळात भराभर वाचून टाकतो, तिथे लिहिलंय की दाविदाला शलमोन झाला तो उरीयाच्या बायकोपासून. बथशेबाचं नाव नाही. हजार वर्षांनी, दोघांचं लग्न होऊन, राजे होऊन, सगळं होऊन गेल्यावर, तारणाऱ्याच्या वंशावळीत तिला उरीयाची बायको म्हटलंय. दाविदाला क्षमा झाली, खरी झाली, त्याच घरातून ख्रिस्त आला. आणि उरीयाचं नाव खोडलं गेलं नाही. हे मी मावशीला वाचून दाखवलं तेव्हा तिने ते पान स्वतःकडे ओढून घेतलं आणि बोट ठेवून परत वाचलं.

मग वधस्तंभ. तिथे कोणी क्षमा मागितली नव्हती, हे खरं. शिपाई चिठ्ठ्या टाकत होते, आणि येशूने म्हटलं, हे बापा, यांना क्षमा कर. हे माझ्या सगळ्या वरच्या बोलण्याला भारी पडतं हे मला कळतं आणि पडू दे. पण ते कोण म्हणालं? ज्याच्या हातात खिळे होते तो. खाली मरिया उभी होती, योहान उभा होता, त्यातल्या कोणाच्या तोंडी ते वाक्य नाही. आणि तिसऱ्या दिवशी तो उठला तेव्हा देह नवा होता, बंद दारांतून आत येणारा, तरी खिळ्यांचे व्रण तसेच होते, थोमाला त्याने ते दाखवले. माझ्या विश्वासाचं मूळ मला हल्ली इथे वाटतं. शेवटच्या दिवशी न्यायासनावर जो बसणार आहे तो स्वतः मार खाल्लेला आहे, त्याच्या अंगावर ते दिसतंय. म्हणून त्याने क्षमा केली तर मावशीला ती मान्य होईल, आणि म्हणूनच तो मावशीचं ऐकून घेतल्याशिवाय करणार नाही, असं मला मनापासून वाटतं. वाटतं म्हणजे मी त्यावर जगते.

तरी मला दयाच हवी असते, हेही लिहिते. रात्री दिवा घालवल्यावर मी स्वतःसाठी न्याय मागत नाही, कोणीच मागत नसेल. आणि दिराचा तो सुजलेला हात, डायलिसिसची सुई टोचून टोचून काळानिळा झालेला, तो मी मागे चर्चमध्ये बघितला तेव्हा माझ्या पोटात तुटलं. निनवेत एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं होती ज्यांना उजवं-डावं कळत नव्हतं, आणि गुरंढोरंही पुष्कळ होती. देव गुरंढोरं मोजतो. योनाचं पुस्तक तिथे प्रश्नावर संपतं, की मी एवढ्या मोठ्या शहरावर दया करू नये काय? योनाचं उत्तर लिहिलेलं नाही. आणि मला फार उशिरा दिसलं की नहूमही प्रश्नावरच संपतो, त्याच शहराला विचारलेल्या: तुझ्या दुष्टपणाचा जाच कोणाला झाला नाही? एक प्रश्न निनवेतल्या माणसांच्या बाजूने, एक त्या बैलगाड्यांवरच्या बायकांच्या बाजूने. आमच्या गुरुवारच्या काकांना मी म्हटलंय, की नहूमही वाचूया, तीनच अध्याय आहेत. ते हो म्हणाले, जरा वेळ घेऊन, पण म्हणाले.

दिराच्या मुलाचा परवा परत फोन आला होता, मावशीने त्याला अट सरळ सांगितली, तो गप्प बसला आणि मग म्हणाला, पप्पांना विचारतो. मी सध्या दोघांसाठी प्रार्थना करते. दिरासाठी अशी, की ते एक वाक्य बोलायचा धीर त्याला मिळो आणि वेळही मिळो, कारण त्याच्याकडे वेळ किती आहे ते त्याच्या घरच्यांनाही माहीत आहे. मावशीसाठी अशी, की ते ऐकायला ती धडधाकट असो, आणि ऐकल्यावर तिला जे वाटेल ते वाटू दे, रडू येवो नाहीतर राग येवो, शेजारी उभं राहून कोणी तिला आमेन म्हणायची घाई करू नये.